रिकाम्या बाकांसमोरची उपासना : इंगमार बर्गमनच्या ‘विंटर लाइट’ची प्रस्तावना

देव आहे की नाही, यावर पाश्चात्त्य सिनेमात पुष्कळ वाद झडले आहेत. बहुतेकदा एक धर्मगुरू आणि एक नास्तिक समोरासमोर बसतात, दोघांचे युक्तिवाद होतात आणि दिग्दर्शकाचा कल ज्याच्याकडे असेल त्याच्या पदरात शेवटचं वाक्य पडतं. इंगमार बर्गमनचा १९६३ सालचा ‘विंटर लाइट’ या पठडीतला नाही. त्यात पाळक आहे, नास्तिक बाई आहे, पण त्यांच्यात देवावरून वाद असा होतच नाही. आहे तो स्वीडनमधल्या खेड्यातला नोव्हेंबरचा एक रविवार, दुपारी बारा ते तीन. तेवढ्या वेळात एक कोळी पाळकाकडे मदत मागायला येतो, ती त्याला मिळत नाही, आणि तो जीव देतो. तीन वाजता तोच पाळक दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये वेदीसमोर उभा राहतो. चित्रपट एक्क्याऐंशी मिनिटांचा आहे. पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ती चर्चमधली स्तोत्रं, ऑर्गन, घंटा आणि पाळकाच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक.

कथानक मी इथे उघड करणार आहे, कारण या चित्रपटात पुढे काय होतं याला फारसं महत्त्व नाही. आणि जे सांगायचं आहे ते घटनांशिवाय सांगता येणार नाही. ‘विंटर लाइट’ची ओळख ‘श्रद्धा गमावलेल्या पाळकाची गोष्ट’ अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या पाळकाची, टोमास एरिक्सनची, श्रद्धा चित्रपट सुरू होण्याआधीच गेलेली आहे. चित्रपट विचारतो ते वेगळंच: आपल्याजवळ उत्तर नसताना, उत्तराच्या आशेने समोर येऊन बसलेल्या माणसाचं आपण काय देणं लागतो?

हा कोळी म्हणजे योनास पेर्सन. माक्स फॉन सीडॉवने ही भूमिका जवळजवळ न बोलता केली आहे. उपासना संपल्यावर तो बायकोबरोबर येतो आणि त्याच्या वतीने बोलते ती बायको, कारीन. तिचं चौथं बाळंतपण जवळ आलं आहे. योनासने कुठेतरी वाचलं आहे की चीनमध्ये लोकांना द्वेष शिकवला जातो आणि लवकरच त्यांच्या हाती अणुबाँब येणार आहे. तेव्हापासून त्याचं कशातच मन लागत नाही. आज हे कारण विचित्र वाटेल, पण त्या काळात ते तसं नव्हतं. चित्रीकरण १९६१च्या शरदात सुरू झालं आणि त्याच ऑक्टोबरच्या ३० तारखेला सोव्हिएत संघाने उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेमल्या बेटांवर पन्नास मेगाटनांचा बाँब फोडला. माणसाने आजवर घडवलेला तो सर्वांत मोठा स्फोट. स्वीडन तर तेव्हा स्वतःच अण्वस्त्रं करायची की नाहीत यावर वाद घालत होता. चीनची पहिली अणुचाचणी झाली १९६४च्या ऑक्टोबरात, चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळाने. योनासला वेडा ठरवून मोकळं होण्याची सोय बर्गमनने प्रेक्षकाला ठेवलेली नाही. त्याची भीती रास्त आहे. म्हणूनच तिला काय उत्तर द्यायचं हा प्रश्न खरा आहे.

दुसरी पार्श्वभूमी धर्माची. स्वीडनचं लुथरन चर्च तेव्हा राज्याचं चर्च होतं आणि २००० सालापर्यंत तसंच राहिलं. पाळक जन्ममृत्यूच्या नोंदीही ठेवत असे. ते काम करखात्याकडे गेलं ते १९९१मध्ये. म्हणजे टोमास गावचा धर्मगुरू आहे आणि एका अर्थी सरकारी माणूसही आहे. पण पायाखालची जमीन सरकत होती. १९४९मध्ये उप्सालाचे तत्त्वज्ञ इंगेमार हेडेनियस यांनी श्रद्धा आणि ज्ञान यांच्या नात्यावर पुस्तक लिहून देशभर खळबळ उडवली. प्रामाणिक विचार करणाऱ्याला ख्रिस्ती सिद्धान्त मान्य करता येणार नाहीत, असं त्यांचं प्रतिपादन होतं. १९५२पासून नव्या कायद्यान्वये स्वीडिश नागरिकाला कुठल्याही दुसऱ्या पंथात न जाता चर्चमधून बाहेर पडता येऊ लागलं. टोमासची बाकं ओस पडली आहेत ती या काळात. गावकरी त्याच्यावर रागावलेले नाहीत, त्याच्याशी भांडतही नाहीत. ते फक्त येईनासे झाले आहेत. चित्रपटात शाळेतला एक मुलगा येतो. टोमास त्याला विचारतो, मोठ्या भावासारखा तूही धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणार का? मुलगा नाही म्हणतो. मोठेपणी कोण होणार, तर अंतराळवीर. सोव्हिएत अंतराळवीर गागारिन अवकाशात जाऊन आला होता तो चित्रीकरणाच्याच वर्षी, १९६१च्या एप्रिलमध्ये.

बर्गमनला हे जग आतून ठाऊक होतं. १९१८ साली उप्सालात जन्मलेल्या बर्गमनचे वडील एरिक हे लुथरन पाळक, पुढे राजघराण्याचेही धर्मोपदेशक झाले. घरची शिस्त कडक आणि शिक्षा अपमान करणाऱ्या, हे त्याने अनेकदा लिहिलं आहे. पण ‘विंटर लाइट’च्या तयारीत तो त्याच वडिलांना बरोबर घेऊन खेड्यापाड्यांतली चर्च पाहत हिंडला. एका ठिकाणी उपासनेच्या वेळी तिथल्या पाळकाने सांगितलं की आपली तब्येत बरी नाही, तेव्हा आज प्रभुभोजन होणार नाही. वृद्ध एरिक उठले, काठी टेकत आतल्या खोलीत गेले, काही बोलणं झालं आणि थोड्या वेळाने पाळकाचा झगा घालून बाहेर आले. प्रभुभोजन झालं. काहीही होवो, उपासना झालीच पाहिजे, हा धडा आपण तिथे घेतला आणि चित्रपटाचा शेवट आपल्याला तिथेच सापडला, असं बर्गमनने आत्मचरित्रात लिहिलं आहे. ज्या वडिलांच्या देवाशी त्याने आयुष्यभर हिशेब मांडला, त्यांच्याच एका कृतीतून या चित्रपटाचा शेवट मिळावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

छायालेखक स्वेन न्यूक्विस्ट आणि बर्गमन यांनी उत्तरेकडच्या चर्चमध्ये तासन्‌तास बसून नुसता उजेड पाहिला. हिवाळ्यात ढगांआडून येणारा तो उजेड कुठेही सावली पाडत नाही, पण दर काही मिनिटांनी बदलतो. स्टुडिओत उभारलेल्या चर्चमध्ये न्यूक्विस्टने तोच उजेड दिव्यांनी निर्माण केला. त्यामुळे चित्रपटातल्या चेहऱ्यांना आडोसाच मिळत नाही. त्या करड्या प्रकाशात सगळेच सारखे उघडे पडतात.

सर्वांत जास्त उघडी पडते मार्टा लुंडबर्ग, गावची शिक्षिका. ती देव मानत नाही. तिचं टोमासवर प्रेम आहे. टोमासची बायको काही वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून तो मार्टाला जवळही करत नाही आणि सोडतही नाही. योनास बायकोला घरी सोडून परत येणार असतो; त्याची वाट पाहताना टोमास मार्टाचं पत्र उघडतो, आणि बर्गमन सरळ मार्टाचा चेहराच पडद्यावर आणतो. इंग्रिड थुलिन कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून जवळपास सहा मिनिटं ते पत्र बोलते. मध्ये एकदाच एका जुन्या प्रसंगाकडे आपल्याला नेलं जातं. तिच्या हातांवर इसब पसरलं होतं, पट्ट्या बांधाव्या लागत होत्या, आणि टोमासला तिच्याकडे पाहणंही नकोसं झालं होतं. तिने त्याला विचारलं होतं, प्रार्थनेवर तुझा विश्वास आहे ना, मग माझ्या हातांसाठी प्रार्थना करशील? त्याला ती करता आली नाही. मग तिनेच केली, रागाने, पट्ट्या ओढून काढत. ज्या देवावर तिचा विश्वास नाही त्याच्याकडे तिने मागितलं ते एवढंच: माझ्या अंगात बळ आहे, ते खर्ची पडेल असं काम मला दे. आणि मग तिला उमगलं की ते काम म्हणजे हा माणूस. सहा मिनिटं दुसरीकडे पाहण्याची मुभा आपल्यालाही नसते. टोमासने नजर वळवली, तशी आपल्याला वळवता येत नाही.

माझी एक तक्रार इथे नोंदवतो. मार्टा सांगते की ती देव नसलेल्या घरात वाढली आणि त्या घरात माया होती. ही चित्रपटातली फार महत्त्वाची माहिती आहे. पण बर्गमन तिच्यामागे जात नाही. मार्टाच्या चांगुलपणाचं मूळ दाखवताना त्याला प्रार्थनेचा आधार घ्यावाच लागतो. त्या मायेच्या घरातूनही तो चांगुलपणा आलेला असू शकतो, ही शक्यता पाळकाच्या मुलाला पुरती दिसत नसावी. अनेक श्रद्धाळू समीक्षकांनी याच जागेवरून मार्टाला छुपी ख्रिस्ती ठरवलं आहे. मला ते पटत नाही. प्रार्थना केल्यानंतरही ती देव मानू लागत नाही. ती माणसाची सेवा करते आणि तिला देवाचं नाव देत नाही. चर्चमध्ये ती प्रभुभोजन घेते, टोमास त्याबद्दल विचारतो, तेव्हा तिचं उत्तर साधं असतं: ही प्रेमाची पंगत आहे ना?

योनास परत येतो तो प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे. टोमास सुरुवात करतो ती ठरावीक प्रश्नांनी: पैशांची चणचण? आजारपण? बायकोशी काही बिनसलं आहे का? मग त्याचा तोल सुटतो आणि तो स्वतःबद्दल बोलू लागतो. स्पॅनिश यादवी युद्धाच्या काळात तो लिस्बनला खलाशांचा पाळक होता. आजूबाजूला काय चाललं आहे ते त्याने पाहिलं नाही. तो आणि त्याचा देव आपल्या नीटनेटक्या जगात राहिले. तो देव फक्त त्याच्यावर प्रेम करणारा होता, त्याच्याच प्रश्नांचा प्रतिध्वनी देणारा. वास्तवाशी गाठ पडली की तोच देव जाळं विणणाऱ्या कोळीकिड्यासारखा हिडीस दिसू लागायचा. शेवटी तो योनासला सांगतो की देव नाहीच असं मानलं तर सगळं किती सोपं होतं. क्रौर्याला स्पष्टीकरण लागत नाही, मृत्यू म्हणजे फक्त विझणं. हे बोलताना टोमासला हलकं वाटतं. योनासचा चेहरा मात्र कुठल्या कुठे गेलेला असतो. तो उठतो आणि निघून जातो. खिडकीतला उजेड एकदम प्रखर होतो. टोमास म्हणतो, मी मोकळा झालो. थोड्याच वेळात एक वृद्ध बाई निरोप घेऊन येते की योनासने नदीकाठी स्वतःवर बंदूक चालवली.

हा संवाद वर्षानुवर्षं चर्चिला गेला आहे. एक गट म्हणतो, नास्तिकतेने योनासचा बळी घेतला. दुसरा म्हणतो, धर्माने त्याला खोट्या आधाराची सवय लावली आणि तो आधार काढून घेतल्यावर तो कोसळला. मला दोन्ही गट मूळ मुद्दा सोडून गेलेले वाटतात. टोमास योनासशी खोटं बोलला नाही. अनेक वर्षांत तो पहिल्यांदाच खरं बोलला. पण ते खरं बोलणं योनाससाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं. बुडणारा माणूस हात पुढे करतो आणि काठावरचा त्याला आपलीच व्यथा ऐकवत राहतो, तसा तो प्रसंग आहे. टोमासच्या जागी कट्टर नास्तिक असता आणि त्याने योनासला नुसतं विचारलं असतं की मुलांची नावं काय, बंदूक कुठे ठेवतोस, आज रात्री माझ्याकडे थांबतोस का, तर कदाचित योनास वाचला असता. सत्य सांगणं हे नेहमीच नैतिक कृत्य असतं का, हा प्रश्न या दृश्याइतका टोचणारा मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेला नाही.

त्यानंतरचं नदीकाठचं दृश्य लांबून चित्रित केलेलं आहे. पाण्याच्या खळखळाटात माणसांचं बोलणं बुडून जातं. प्रेतावर ताडपत्री घातली जाते, आणि गाडी येईपर्यंत टोमास तिथे थांबतो. बर्फ भुरभुरत असतं. पाळकाच्या तोंडी एकही शब्द देण्याची इथे गरज पडली नाही. जिवंतपणी ज्याच्याजवळ तो मनाने बसू शकला नाही, त्याच्या प्रेताजवळ तो आता निदान देहाने उभा आहे.

शाळेच्या वर्गात टोमास मार्टाला जे ऐकवतो ते इथे मी लिहून काढणार नाही. तिचा चष्मा, तिचे हात, तिचं पोट, तिची काळजी, सगळ्याची त्याला किळस आहे. एवढं ऐकवून झाल्यावर तो दाराशी जातो, थबकतो, आणि विचारतो, माझ्याबरोबर पुढच्या चर्चला येतेस? ती जाते. आजच्या प्रेक्षकाला इथे मार्टाचा राग येतो आणि तो येणं स्वाभाविक आहे. चित्रपट तिला आदर्श ठरवतो असं मला वाटत नाही. तिची सेवावृत्ती टोमासला गुदमरवणारीही आहे, हे तो लपवत नाही.

वाटेत ते कारीनच्या घरी थांबतात. गुनेल लिंडब्लूमने हे छोटंसं दृश्य असं उभं केलं आहे की त्यापुढे बाकी सगळी चर्चा फिकी पडते. टोमास तिला बातमी देतो, बायबलमधलं काही वाचू का विचारतो. ती नको म्हणते. टोमास सांगतो की आपण त्याच्याशी बोललो. पाळकांनी जमेल ते केलं असणार, अशा अर्थाचं ती काहीतरी म्हणते. आणि टोमास गप्प राहतो. तासाभरापूर्वी प्रामाणिकपणाच्या झटक्यात ज्याने योनासपुढे सगळं ओकून टाकलं, तो कारीनला त्यातला एक शब्दही सांगत नाही. चित्रपटातलं सर्वांत मोठं मौन मला इथे ऐकू येतं. देवाच्या मौनावर या चित्रपटाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. पाळकाच्या या मौनावर फार थोडं. बर्गमननेही कारीनला यापुढे वाऱ्यावर सोडलं आहे. तीन मुलं आणि एक येऊ घातलेलं, त्यांचं काय झालं ते कळत नाही. ही उणीव मला दर वेळी खटकते.

फ्रोस्टनेस या दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये टोमासला भेटतो आल्गोट फ्रोविक. रेल्वेत नोकरीला असताना झालेल्या अपघाताने शरीर वाकडं झालेला, सतत वेदनेत असणारा हा माणूस चर्चची देखभाल करतो. रात्री झोप येत नाही म्हणून टोमासने त्याला वाचायला सुचवलं होतं, तेव्हा त्याने शुभवर्तमानं वाचायला घेतली. तो भीतभीतच आपली शंका मांडतो. ख्रिस्ताच्या शरीराला झालेल्या यातनांचा एवढा गवगवा का करतात? त्या काही तासच टिकल्या. शरीराचं दुखणं तर आपणही तेवढंच, कदाचित जास्तच भोगलं आहे. खरं दुःख वेगळं असणार. इतकी वर्षं बरोबर राहिलेले शिष्य झोपून गेले, पळून गेले, त्यांना काहीच समजलं नव्हतं. आणि शेवटी क्रूसावर त्याला वाटलं की बापानेही आपल्याला टाकलं. मरणाच्या आधी आपण शिकवलं ते सगळं खोटं होतं की काय, अशी शंका येणं, याहून मोठी यातना कोणती?

टोमास एवढंच म्हणतो, हो. धर्मशास्त्र न शिकलेल्या एका माणसाने, पाळकाला सबंध दिवसात जे कोणी सांगू शकलं नाही ते सांगितलं आहे: तुझी शंका तुला ख्रिस्तापासून दूर नेत नाही, त्याच्या शेजारी आणून उभी करते. पण आल्गोट ते उपदेश म्हणून सांगत नाही; त्याला टोमासच्या मनातलं माहीतही नाही. तो फक्त आपल्या दुखण्यातून दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाहतो आहे. टोमासला योनाससमोर जमलं नाही ते हेच.

मग उपासना. ऑर्गनवादक ब्लूम मार्टाला गावातून निघून जा म्हणून सुचवतो आणि ‘देव म्हणजे प्रेम’ या टोमासच्या जुन्या प्रवचनाची टर उडवतो. आधीच्या ‘थ्रू अ ग्लास डार्कली’ या चित्रपटाचा शेवट बर्गमनने याच विचारावर केला होता, आणि त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं होतं. दोन वर्षांत त्याने स्वतःच्याच समाधानावर बोट ठेवलं. चर्चमध्ये कोणी आलेलं नाही. बाकावर एकटी मार्टा आहे, गुडघे टेकलेली. आपल्याला एकमेकांबद्दलची माया दाखवण्याचं धैर्य होईल का, विश्वास ठेवता येईल का, असं काही ती पुटपुटते आहे. आल्गोट आहे, ब्लूम आहे. घंटा होतात. टोमास वेदीसमोर येतो आणि पृथ्वी देवाच्या गौरवाने भरली आहे असं सांगणारे उपासनेचे पहिले शब्द उच्चारतो. चित्रपट संपतो.

श्रद्धा परतली की नुसती सवय उरली? बर्गमनने या प्रश्नावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सुचवलं आहे. माझं मत असं की टोमासच्या मनात काय आहे हे इथे दुय्यम आहे. त्याने उपासना रद्द केली असती तर कोणी तक्रार केली नसती. पण बाकावर एक बाई आहे, जिचा त्याने दुपारी पाणउतारा केला, आणि एक अपंग माणूस आहे, ज्याने मेणबत्त्या लावून ठेवल्या आहेत. त्यांच्यासाठी तो उभा राहतो. सबंध दिवसात त्याने दुसऱ्यासाठी केलेलं हे पहिलं काम आहे.

‘विंटर लाइट’चा वंश पुढेही चालला. पॉल श्रेडर या अमेरिकी दिग्दर्शकाने, जो स्वतः मिशिगनमधल्या कडक कॅल्विनपंथी घरात वाढला, २०१७मध्ये ‘फर्स्ट रिफॉर्म्ड’ केला. तिथेही गर्भवती बायको आपल्या हताश नवऱ्यासाठी पाळकाकडे येते. फक्त भीती अणुबाँबची नसून तापत चाललेल्या पृथ्वीची आहे. श्रेडरचा पाळक मेलेल्याची भीती आपल्या अंगावर घेतो आणि हिंसेच्या टोकापर्यंत जातो. टोमास असं काहीच करत नाही, म्हणून श्रेडरचा चित्रपट अधिक थरारक आहे. बर्गमनचा अधिक खरा आहे.

पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. पहिली, ‘थ्रू अ ग्लास डार्कली’, ‘विंटर लाइट’ आणि ‘द सायलेन्स’ हे बर्गमनचे तिन्ही चित्रपट याच क्रमाने पाहिले तर ब्लूमच्या टोमण्याचा आणि कोळीकिड्यासारख्या देवाच्या उल्लेखाचा संदर्भ लागतो. विल्गोट श्येमानने स्वीडिश दूरचित्रवाणीसाठी केलेला चित्रीकरणाचा माहितीपट उपलब्ध झाला तर तोही पाहावा. गुन्नार ब्यर्नस्ट्रांडसारख्या, विनोदी भूमिकांत लोकप्रिय झालेल्या नटाकडून टोमासची इतकी कोरडी भूमिका कशी काढून घेतली गेली, ते त्यात दिसतं. दुसरी सूचना, सुरुवातीची उपासना कंटाळवाणी वाटली तरी पुढे ढकलू नये. ती लांब ठेवली आहे कारण तिथेच सगळी माणसं एकत्र आहेत. योनास तिथे आहे, कारीन आहे, मार्टा आहे. पाळकाच्या हातून सगळे भाकर आणि द्राक्षारस घेतात, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर काय चाललं आहे हे दिसण्याइतका जवळ उभा असूनही तो कोणाकडेच पाहत नाही.